सायकल पाहण्याचा कार्यक्रम

चहा घेणार का, या प्रश्नाला मनुष्यमात्राकडून दोनच उत्तरे संभवतात. आमचे शेजारी श्री. गजानन नाचणकर ऊर्फ गजाभाऊ हे तिसरे उत्तर देतात. ते म्हणतात, "कळवतो."

आणि खरोखरच कळवतात. चहाचे भांडे खाली उतरते, पेले विसळून पालथे पडतात, माणसे पांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गजाभाऊ इस्त्रीच्या सदऱ्यात दारात उभे राहतात आणि गंभीरपणे सांगतात, "कालच्या चहाबद्दल कळवायला आलो. नको होता."

मांडवीकडे उतरणाऱ्या आमच्या रस्त्यावर मासळीची टोपली घेऊन फातिमाबी येते. तिने एकदा बांगडे दाखवून घेणार का विचारले, तेव्हा यांनी "कळवतो" म्हटले व दुसऱ्या दिवशी तिला गाठून कालचे बांगडे नकोत असे कळविले. ती म्हणाली, "भाऊ, कालचे बांगडे लोकांनी काल खाल्ले नि पचवलेसुदीक." गजाभाऊंनी मान हलविली. आपले कर्तव्य झाले, पुढचा विषय बांगड्यांचा आहे, असा त्यांचा चेहरा होता. आमच्याच आळीतील एका लग्नास येणे जमणार नाही हे कळविण्यास ते गेले, तोवर नवरदेव हळद उतरून कुवेतला कामावर परतलाही होता. नवरदेवाच्या आईने यांना उरलेला लाडू दिला. घ्यायचा की नाही, तेही यांनी नंतर कळविले.

मी स्वतः अर्जनवीस आहे. जिल्हा कचेरीच्या आवाराबाहेर, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल असते. शाळा मी नववीत सोडली हे खरे. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आला, असे एकही उदाहरण माझ्या माहितीत नाही. पुष्कळ अर्जांना उत्तर आले नाही, ही बाब वेगळी. प्रत्येक अर्जाचा शेवट मी एकाच वाक्याने करतो: "निर्णय कळविण्यात यावा, ही नम्र विनंती." सबब 'कळविणे' या क्रियापदावर माझा इतरांपेक्षा थोडा अधिक अधिकार आहे, असे मी समजतो.

आपल्याकडे 'कळवतो' हा शब्द नकाराचा सभ्य पोशाख आहे. साहेब कळवतो म्हणतात आणि बदलून जातात. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपवून, चपला शोधता शोधता कळवतो म्हणतात आणि मागे वळून पाहत नाहीत. हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यावर समाज चालतो. तो शब्द शब्दशः पाळणारा इसम मी आयुष्यात एकच पाहिला. त्यास आळीतील लोक वेडा म्हणत. मी तसे म्हणत नसे, कारण शब्द जपून वापरणे हा माझा व्यवसाय आहे.

गजाभाऊ येथील एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटविणे आणि मुलांनी फोडलेल्या नळ्या गोळा करणे यात त्यांची नोकरी गेली. लग्न केले नाही. वडील लवकर वारले होते आणि आई वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून होती. तिचे सर्व काही यांनीच केले. ती वारल्यालाही आता बराच काळ लोटला, तरी तिची खाट दोन खोल्यांपैकी मोठ्या खोलीत तशीच आहे आणि गजाभाऊ लहान खोलीत चटईवर निजतात. माझी पत्नी अधूनमधून वाटीभर आमटी पाठविते. ती विचारीत नाही. "त्यांना विचारलंत की आमटी आंबणार. हातात द्या नि मोकळे व्हा," असे तिचे धोरण आहे.

त्यांच्या दृष्टीत काही बिघाड आहे, हे प्रथम माझ्या ध्यानात आले. बाजूने पुढे केलेला पेला त्यांना दिसत नसे; समोरून केलेला दिसे. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा रोज एकाच ठिकाणी आपटू लागला. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. एका यंत्रात डोके घालून, प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातले बटण दाबायचे, अशी तेथे परीक्षा असते. बराच वेळ बटणाचा आवाज आला नाही. डॉक्टरांनी विचारले, "काका, तुम्ही विचार करून दाबताय का?"

"नाही," गजाभाऊ यंत्रातूनच म्हणाले. "दिसलं की दाबतोय."

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, कडेची नजर आधी जाते, मग आत आत येत जाते. गेलेली परत मिळत नाही, उरलेली काही काळ राखता येते. नळीतून पाहिल्यासारखे दिसत जाईल आणि मग नळीही मिटेल. औषधाचे थेंब नियमित घालावे लागतील, एक शस्त्रक्रियाही करावी लागेल. तयारी आहे का? गजाभाऊंनी नेहमीचे उत्तर दिले.

"तुम्ही कळवेपर्यंत तो थांबायचा नाही," डॉक्टर म्हणाले. हा मनुष्य तरुण होता, परंतु त्याचे वाक्य मला व्यवस्थित बांधलेले वाटले.

पुढे थेंब सुरू झाले, शस्त्रक्रियाही झाली. परंतु ज्या दिवशी निदान झाले, त्याच दिवशी जिना उतरताना गजाभाऊंनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "मला एक सायकल घ्यायची आहे. चांगली. लांब जाणारी." मी त्यांच्याकडे पाहिले. तारुण्यात त्यांनी भाड्याच्या सायकली चालविल्या होत्या. स्वतःची कधीच नव्हती. डोळे आहेत तोवर आतल्या बाजूला, खेड्यांकडे फिरायचे आहे, एवढेच त्यांनी सांगितले. मी त्यांना धोक्याची सर्व कलमे ऐकविली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "म्हणूनच लवकर हवी."

लवकर! ज्याच्याने बांगड्यांचा निर्णय एका दिवसात होत नाही, त्याने हा शब्द वापरला.

पहिल्या दुकानात जाण्याच्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा घातला, केसांना तेल लावले आणि मला घेण्यास आले. "तुम्ही चला. बरोबर मोठं माणूस असावं," ते म्हणाले. वास्तविक वयाने तेच थोरले; परंतु वजनाचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून मी गेलो.

दुकान मारुती मंदिराच्या बाजूला, शब्बीरभाईंचे. शब्बीरभाई धंद्यात मुरलेले आणि तोंडाने मोकळे गृहस्थ आहेत. त्यांनी दोन स्टुले पुसून दिली. आम्ही बसलो. गजाभाऊंनी गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून समोरच्या सायकलीकडे पाहिले व विचारले, "कुठली ही?"

"लुधियान्याची."

"बरीच लांबची आहे."

"आता हितंच राहायला आलीय, भाऊ."

मग उंची विचारली. समुद्राची हवा सोसते का, गंज धरते का, याची चौकशी झाली. जाड टायरांची, पुढे स्प्रिंगा असलेली एक भक्कम सायकल दाखविली गेली, तेव्हा हिला चढावर फार ओढावे लागेल, असा शेरा त्यांनी मारला. शर्यतीची, शिंगे खाली वळलेली सायकल त्यांनी फार वेळ पाहिली. "ही मान खाली घालायला लावते," ते हळूच म्हणाले. "मान खाली घालून नाही जायचं." तिसरीला एकवीस गियर होते. शब्बीरभाईंनी ते मोठ्या अभिमानाने सांगितले आणि गजाभाऊंचा चेहरा उतरला. चहाच्या बाबतीत दोन पर्यायांतून ज्याची सुटका होत नाही, त्याच्यापुढे प्रत्येक चढावर एकवीस ठेवणे, ही क्रूरता होती.

मी माझे मत दिले. माणसाने शोभेल अशी वस्तू घ्यावी, सबब एकवीस गियरचीच घ्यावी, असे मी सुचविले. शब्बीरभाईंनी मला ताबडतोब थंड पेय मागविले. गजाभाऊ मात्र उठले, चपलांत पाय सरकविले आणि म्हणाले, "कळवतो."

शब्बीरभाई हसले. "भाऊ, सायकल बघायला आलाव की नवरी?"

आळीत कोणी काही बोलले तर गजाभाऊ ओशाळून का होईना, हसतात. त्या वेळी ते हसले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते माझ्या आधी पायरी उतरले.

तेथून पुढे हा कार्यक्रम नित्याचा झाला. शहरातील एकही दुकान आम्ही सोडले नाही. प्रत्येक ठिकाणी स्टूल, प्रत्येक ठिकाणी 'कळवतो'. आणि मग दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी, ज्यांना नकार द्यावयाचा त्यांच्या दारात प्रत्यक्ष हजेरी. "ती निळी. पाहिली. छान आहे. पण आमच्याकडून नाही. तिच्यात दोष काही नाही, हे सांगायला आलो." नव्या दुकानातील मॅनेजर तर यांना रस्त्याच्या पलीकडे पाहिले की आत जाऊन बसू लागला. मी गजाभाऊंना सांगितले की, दुकानदार वाट पाहत बसत नसतात, सायकलीला तर मुळीच काही वाटत नाही. त्यावर ते एवढेच म्हणाले, "कोण बसतं नि कोण नाही, आपल्याला कसं कळणार?"

दरम्यान त्यांचा डोळा आपले काम करीत होता. सुरुवातीस दुकानाच्या पायऱ्या ते सहज चढत; पुढे मी हात देऊ लागलो. स्टुलावर बसून सायकल पाहताना पूर्वी डोळे फिरत, आता सगळी मान फिरू लागली: आधी पुढचे चाक, मग दांडी, मग मागचे चाक, जणू लांबलचक मजकूर बोट ठेवून वाचावा तसे. यंत्राची परीक्षा पुन्हा झाली. डॉक्टरांनी जुना आणि नवा असे दोन्ही कागद शेजारी ठेवले. नव्यातला काळा भाग मला चष्म्याशिवाय दिसला.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही घरी गेलो नाही. गजाभाऊ सरळ शब्बीरभाईंकडे गेले आणि स्टुलावर न बसता दुकानाच्या मध्यभागी उभे राहिले. एकेक सायकल त्यांनी स्वतःसमोर उभी करण्यास सांगितले. प्रत्येकीचे हँडल दोन्ही हातांनी धरून, मान ताठ ठेवून ते समोर पाहत आणि बाजूला करीत. शब्बीरभाईंनी माझ्याकडे डोळे मिचकावले. शेवटी भिंतीकडून एक राखाडी, साधी, थोडक्या गियरची सायकल निघाली. तिचे हँडल अरुंद होते, म्हणून ती कोणी उचलत नव्हते. गजाभाऊंनी ती धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"ही," ते म्हणाले.

एवढेच. 'कळवतो' नाही. मी चकित झालो आणि कारण विचारले.

"हिच्या दोन्ही मुठी मला एकदम दिसतात. बाकीच्यांची एक तरी मूठ नसतेच."

शब्बीरभाईंच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. त्यांनी खाली बसून दोन्ही ब्रेक स्वतःच्या हाताने तपासले, मागे कॅरियर बसविला, न मागता मोठी घंटी लावली. किमतीची घासाघीस दोघांनीही केली नाही.

सराव भाट्याच्या पुलापलीकडे सुरू झाला. गजाभाऊ सायकलीवर आणि त्यांच्या मागे माझ्या स्कूटरवर मी, अशी आमची मिरवणूक पहाटे निघे. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून ते चालवीत, आणि मान सारखी डावी-उजवी हलवीत, त्यामुळे समोरून येणाऱ्यांना वाटे की हे गृहस्थ प्रत्येकाला 'नाही' म्हणत आहेत. हळूहळू अंतर वाढले. पावस गावापर्यंत जाऊ लागलो. आंब्याच्या कलमांच्या सावलीतून ते चढ चढत, तेव्हा त्यांच्या पाठीवरचा सदरा घामाने चिकटलेला असे आणि ते कधीही उतरून सायकल ढकलीत नसत.

अशाच एका सकाळी दगडी गडग्याच्या फटीतून एक वासरू रस्त्यावर आले. मला ते दुरून दिसले. मी हॉर्न वाजविला, ओरडलो. गजाभाऊ सरळ त्याच्यावर गेले. धक्क्याने पडलेले वासरू उठून पळाले. गजाभाऊ चिऱ्याच्या कडेवर पडले. कोपर सोलून निघाले, गालात लाल माती घुसली. मी त्यांना उठवून बसविले. "नव्हतंच ते," ते म्हणत राहिले. "दिसलं नाही असं नाही. तिथं ते नव्हतंच."

मला राग आला. मी विचारले की, हा हट्ट कशासाठी? फिरायचेच असेल तर आतल्या प्रत्येक गावाला एसटी जाते. खिडकीत बसावे, आरामात पाहावे.

त्यांनी तोंडावरची माती पुसली. "एसटीतून उतरलं की थांब्यावर बसलेलं माणूस विचारतं, कुणाकडे? मग नाव सांगावं लागतं. सायकलवाल्याला कुणी विचारीत नाही. आणि ऐन वेळी धीर सुटला, तर न उतरता परत फिरता येतं."

म्हणजे फिरणे हे फिरणे नव्हते. कोठे तरी जाणे होते. कोठे, ते मी विचारले नाही. अर्जदार स्वतःहून सांगेपर्यंत मूळ तक्रार विचारू नये, हा माझा अनुभव आहे. आधी विचारले की लोक खोटे सांगतात.

ते एकटेच तिकडे गेले त्या दिवशी मला कचेरीत काम होते. संध्याकाळी परतलो, तर माझ्या पडवीत गजाभाऊ बसलेले. सायकल कठड्याला टेकवलेली, चाकांना तांबडी धूळ. पत्नीने पाणी दिलेले तसेच समोर होते. मी बसलो आणि ते बोलू लागले. असे सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

पालीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, तळेकोंड नावाची वाडी आहे. फार वर्षांपूर्वी गजाभाऊ आपल्या आईबरोबर तेथे मुलगी पाहण्यास गेले होते. मुलीचे नाव शेवंती. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलगी यांना आवडली. आईला घर आवडले नाही. कातळावरचे, विहीर लांब, माणसे साधी. उठताना मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारले, काय समजायचे? वडीलधारा पुरुष बरोबर नव्हता, म्हणून उत्तर यांनाच द्यावे लागले. आईने कोपराने खुणावले आणि हे म्हणाले, "कळवतो."

घरी आल्यावर आई म्हणाली, नकार कळव. यांना नकार द्यायचा नव्हता. होकार द्यायची छाती नव्हती. म्हणून यांनी काहीच कळविले नाही. आज ना उद्या आईचे मन वळेल, असे वाटत राहिले. मग आई अंथरुणाला खिळली आणि तो विषयच घरातून गेला. पुढे कोणाकडून तरी यांच्या कानांवर आले की, शेवंतीला नंतर स्थळे येत होती, आणि तिचे वडील सांगत, "मांडवीच्या नाचणकरांचं अजून कळायचं हाय." वडील सरळ होते. दिलेला शब्द म्हणजे शब्द, असे समजणारे. ते वारले. स्थळे येणे थांबले. भाऊ मुंबईला गेले. ती राहिली.

"नाही म्हणून कळवलं असतं, तर ती सुटली असती," गजाभाऊ म्हणाले. "माझ्याच्यानं तेवढंही झालं नाही."

कचेरीच्या दाराशी बसून, उत्तराची वाट पाहत म्हातारी झालेली माणसे मी रोज पाहतो. ज्याने कळवायचे तो कसा दिसतो, ते प्रथमच पाहत होतो.

त्या दिवशी ते तिच्या अंगणापर्यंत पोचले तेव्हा ती कोकमांसाठी रातांबे फोडीत बसली होती. हे न उतरता परत फिरणार होते. परंतु घंटीला अंगठा लागला आणि तिने वर पाहिले. तहान लागली, असे यांनी सांगितले. तिने गूळ-पाणी आणून दिले. या वयात सायकलीवरून कुठून आलात, म्हणून विचारले. यांनी नाव सांगितले. ती पुन्हा रातांबे फोडू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमची आई बरी हाय?"

"गेली. फार दिवस झाले."

"म्हंजे कळवायला कोण उरलंच नाय."

गजाभाऊंनी मला हे वाक्य दोनदा सांगितले. सारा दोष आईवर ठेवून तिने यांना वाचविले होते, आणि ते वाचणे यांना सहन होत नव्हते. मी होतो, मीच बोललो होतो, असे सांगण्यासाठी ते एवढे चढ चढून गेले होते, आणि तोंडातून शब्द निघाला नाही. ते तिच्याकडे पाहत राहिले. तिचा चेहरा तेवढा त्यांना पूर्ण दिसत होता. अंगण दिसत नव्हते, घर दिसत नव्हते. नळीत मावेल एवढेच, आणि त्यात ती मावली होती.

निघताना ती म्हणाली, "परत येनार असाल तर आधी सांगा. दोन मुठी तांदूळ जास्त टाकीन."

"आणि मी काय म्हणालो असेन?" गजाभाऊंनी मला विचारले.

मला ठाऊक होते. मी मान खाली घातली.

"तोंडातून निघून गेलं हो. सवयीनं. उताराला लागल्यावर माझं मला ऐकू आलं."

"आणि ती?"

"बरं म्हणाली."

पुढे पाऊस लागला आणि सायकल पडवीतच राहिली. त्या अवधीत नळी मिटत गेली. गणपतीत आरतीच्या वेळी मी पाहिले, गजाभाऊ निरांजनाच्या दिशेने नव्हे, तर त्याच्या उबेच्या दिशेने हात नेत होते. शब्बीरभाई येऊन गेले, सायकल परत घेण्याची तयारी त्यांनी स्वतःहून दाखविली. "कळवतो," गजाभाऊ म्हणाले. आणि रोज सकाळी चाचपडत दोन्ही चाके दाबून पाहणे व हवा भरणे चालू ठेवले.

मी त्यांना सुचविले की, माझ्यासारखा मनुष्य शेजारी असताना चार ओळी लिहून धाडता येतील. त्यांनी नकार दिला, तोही तत्काळ. "असलं तोंडी कळवायचं असतं. मी तोंडीच म्हटलं होतं."

म्हणून दसरा झाल्यावर आम्ही एसटीने निघालो. गजाभाऊंनी पांढरा सदरा घातला होता. हातात काठी होती आणि पिशवीत एक नारळ. सर्व रस्ताभर ते ओठांतल्या ओठांत काही तरी जुळवीत होते. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही.

तळेकोंडच्या थांब्यावर आम्ही उतरलो. चिऱ्याच्या कट्ट्यावर एक मनुष्य विडी ओढीत बसला होता. त्याने अपेक्षेप्रमाणे विचारले, "कुणाकडं आलाव?"

मी तोंड उघडले होते. गजाभाऊंनी माझा हात दाबला आणि आवाजाच्या दिशेने ताठ उभे राहिले.

"शेवंतीकडे," ते मोठ्याने म्हणाले. "मी मांडवीचा नाचणकर. जेवायला येणार, म्हणून कळवायला आलोय."

त्या मनुष्याने विडी विझवली. त्याने यांच्या डोळ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "घर बंद हाय," तो म्हणाला. "पाय सुजले होते तिचे. पुतन्या आला नि मुंबयला घेऊन गेला, नवरात्राच्या आधी."

"परत कधी येणार?" मी विचारले.

"ते काय सांगता येत नाय. येनार असली तर कळवते म्हनाली."

गजाभाऊंना अंगणापर्यंत जावयाचे होते. मी नेले. दाराला कुलूप होते. त्यांनी कडी चाचपली, कुलूप हातात घेऊन त्याचे वजन पाहिले आणि हलकेच सोडले. उंबऱ्याशी वाकून नारळ ठेवला. अंगणात गवत गुडघ्याएवढे झाले होते. मी ते त्यांना सांगितले नाही, परंतु पायांना कळले असावे.

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही थांब्यावरच्या कट्ट्यावर बसलो. विडीवाला उठून गेला होता. गजाभाऊंनी विचारले, "तुमच्या अर्जांचं उत्तर येईपर्यंत लोक काय करतात हो?"

इतकी वर्षे मी या व्यवसायात आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"वाट बघतात," मी म्हणालो.

"कुठे?"

"आपापल्या घरी."

त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि गाडीच्या दिशेने कान केला.

"मग घरी जाऊ," ते म्हणाले. "सायकलीत हवा भरायची राहिलीय आज."